नव्या हिरवळीची तहान

नीतीचे प्रश्न आपण बहुधा मोठ्या प्रसंगांत शोधतो. युद्ध, फाशीची शिक्षा, गर्भातील जीव, मरणासन्न माणसाचे औषधपाणी अशा विषयांवर व्याख्याने होतात, चर्चासत्रे भरतात. घरापुढच्या अंगणात नव्याने अंथरलेल्या हिरवळीला पाणी घालावे की घालू नये, हा प्रश्न त्यांच्या पंक्तीला बसवला तर वाचकांना हसू येईल. तथापि गेली काही वर्षे शहरांतील सुस्थित कुटुंबे सह्याद्रीच्या कुशीत जागा घेऊन घरे बांधू लागली आहेत आणि अशा घरापुढे हिरवळ हवीच, असा संकेत रूढ झाला आहे. त्या हिरवळीच्या निमित्ताने उभा राहणारा प्रश्न मला वाटतो तितका लहान नाही.

प्रश्न असा आहे. ज्या सजीवाची मुळे आपण आपल्या सोयीसाठी तोडली, त्याची तहान भागवण्याचे बंधन आपल्यावर येते काय? आणि येत असेल, तर त्यासाठी लागणारे पाणी कोणाच्या वाट्याचे?

प्रथम हे गवत कसे येते ते पाहू. पूर्वी हिरवळ करायची म्हणजे माळी गवताच्या काड्या बोटभर अंतरावर मातीत टोचत असे, आणि त्या पसरून अंगण झाकले जाईपर्यंत घरातील सर्वांना दोन-तीन महिने धीर धरावा लागे. आता पुण्याजवळच्या उरुळी कांचन परिसरातील रोपवाटिकांतून तयार हिरवळीचे तुकडे मिळतात. शेतात वाढवलेले गवत खालच्या लाल मातीच्या पातळ थरासकट कापून काढतात, ते टेम्पोत रचतात आणि सतरंज्या अंथराव्यात तसे अंगणात अंथरतात. सकाळी उघडे असलेले अंगण दिवेलागणीला हिरवेगार झालेले असते. गवताच्या जातींची नावेही भारदस्त असतात. त्यांतील ‘बर्म्युडा’ हे नाव ऐकून दबून जाण्याचे कारण नाही. ती आपली हरळीच. शेतकरी जिला तण म्हणून शिव्या देत उपटतो आणि हिंदू बांधव जिला दूर्वा म्हणून गणपतीला वाहतात, तीच ही. परदेशी नाव धारण करून ती आपल्याच देशात दामदुपटीने विकली जाते, इतकेच.

तुकडा कापला जातो तेव्हा मुळांचा मोठा भाग शेतातच राहतो. तुकड्याबरोबर येते ती जेमतेम इंचभर माती आणि तिच्यातील तुटकी मुळे. वरची पाती मात्र होती तेवढीच असतात आणि ऊन त्यांच्यातले पाणी पूर्वीसारखेच ओढत राहते. खर्च तोच आणि मिळकतीचा मार्ग बंद, अशी ही अवस्था. म्हणून नव्या हिरवळीची निगा हे पहिल्या तीन आठवड्यांचे शास्त्र आहे. जमीन आधी वीतभर खोल भुसभुशीत करून, कुजलेले शेणखत मिसळून, सपाट करून भिजवून ठेवावी लागते. तुकडे आले त्याच दिवशी अंथरावे लागतात, कारण उन्हाळ्यात ढिगात पडून राहिलेले गवत आतून तापते आणि पिवळे पडते. गवंडी विटा रचतो त्याप्रमाणे एका ओळीचा सांधा दुसऱ्या ओळीच्या सांध्यासमोर येऊ द्यायचा नाही. फट राहिली तर कडा प्रथम सुकतात. मग सर्वांवर दाब देऊन तुकड्यांखालची हवा काढायची आणि तत्काळ इतके पाणी द्यायचे की खालची मूळ जमीनही बोटभर भिजावी. पहिला आठवडा रोज पहाटे भरपूर पाणी आणि भर दुपारी एक हलका शिडकावा. रात्री पाणी दिल्यास ओलीत बुरशी धरते. त्या काळात हिरवळीवर कोणी चालायचे नाही, मुलांनी खेळायचे नाही. दोन आठवड्यांनी तुकड्याचा कोपरा हलकेच उचलून पाहावा. तो सहज उचलला गेला तर मुळे अजून अधांतरी आहेत. खालून ओढ लागली तर गवताने नवी जमीन आपली मानली, असे समजावे. तेथून पुढे पाणी कमी वेळा, पण खोलवर द्यायचे. पहिली कापणी त्यानंतर, तीही उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक नाही.

हा तपशील मी मुद्दाम दिला. रुजलेली हरळी आणि नुकती अंथरलेली हरळी यांतील भेद त्यावाचून कळत नाही. रुजलेली हरळी उन्हाळ्यात पाण्यावाचून पिवळी पडते, मेल्यासारखी दिसते. पण तिचे जमिनीखालचे खोड जिवंत असते आणि पहिल्या सरीबरोबर ती पुन्हा उठते. नुकत्या अंथरलेल्या तुकड्याला ही सवलत नाही. एप्रिल महिन्यात त्याचे दोन दिवस पाणी चुकले तर तो पिवळा पडून थांबत नाही, तो मरतो. पेरणाऱ्याच्या दाखल्यात खडकाळ जागी पडलेले बीज मूळ नसल्यामुळे वाळून गेले. या गवताचीही तीच गत, आणि त्याला खडकावर ठेवणारा हात आपला असतो.

आता पहिला प्रश्न. गवताला आपल्यावर काही हक्क आहे काय? तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी शिकवले की, वनस्पती प्राण्यांसाठी आणि प्राणी माणसासाठी आहेत. त्या क्रमाने पाहिले तर गवत वाळले काय आणि जगले काय, त्यात अन्याय कोणावर? दुसऱ्या टोकाला आल्बर्ट श्वाइट्झर उभे आहेत. १९१३ साली आफ्रिकेतील लांबारेने येथे रुग्णसेवेला गेलेल्या या डॉक्टरांनी जीवनमात्राविषयीचा आदर हे नीतीचे मूळ मानले. त्यांनी दिलेले एक उदाहरण आपल्या प्रश्नाला फार जवळचे आहे. गाईंच्या चाऱ्यासाठी कुरणातील हजार फुले कापणाऱ्या शेतकऱ्याला ते दोष देत नाहीत. परंतु त्याच शेतकऱ्याने घरी परतताना वाटेकडेच्या एका फुलाचे डोके केवळ चाळा म्हणून उडवले, तर तो जीवनाचा अपराधी ठरतो, असे ते म्हणतात. गरज आणि चाळा यांत त्यांनी रेषा ओढली.

माझ्या मते या दोहोंपैकी एकाची बाजू घेण्याची येथे आवश्यकता नाही. सृष्टिक्रमात गवताची पायरी कोणती, हा वाद बाजूला ठेवला तरी आपल्या कृतीचा प्रश्न उरतोच. डोंगरावरचे गवत उन्हाने वाळले तर त्याची जबाबदारी आपल्यावर येत नाही. ते त्याच्या मुळांनी जगते आणि त्याच्या ऋतूने वाळते. पण जे आपण कापले, जे आता आपल्या हाताकडे पाहूनच जगू शकते, त्याच्याशी आपले नाते बदलले. आश्रिताचे परावलंबन ज्याने निर्माण केले, त्याच्यावर त्याचा भार पडतो, हे आपण घरातील कोंबडी-शेळीपासून शिकवणीसाठी दुसऱ्याच्या घरी ठेवलेल्या मुलापर्यंत सर्वत्र मान्य करतो. गवताच्या बाबतीत तो भार हलका असेल, पण शून्य नाही. तेव्हा ‘गवतच ते, मेले तर मेले’ असे म्हणून या प्रश्नातून सुटका होत नाही. ज्यांना ती होते असे वाटते, त्यांनी मुळात ते गवत कापून आणायलाच नको होते.

कोकणी माणसाला हे नवीन नाही. तो दरवर्षी लक्षावधी रोपांची मुळे स्वतःच्या हाताने उपटतो. भाताचे आवण काढायचे, मुठी बांधायच्या आणि चिखलणी केलेल्या खाचरात लावणी करायची, हेही एका अर्थी हिरवळ उचलून दुसरीकडे अंथरणेच आहे. लावलेले रोप दोन-चार दिवस मान टाकते, पिवळे पडते, मग जीव धरते. परंतु एप्रिलमध्ये लावणी करण्याचा विचार कोणा कोकणी शेतकऱ्याच्या मनात कधी येतो काय? पायाचा घोटा बुडेल इतके पाणी आभाळातून येऊन शेतात उभे राहते, तेव्हाच तो मुळांना हात लावतो. उपटण्याचा अधिकार त्याला ऋतूकडून मिळतो, असे म्हटले तरी चालेल.

हे मनात ठेवून आपण रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पोलादपूर तालुक्यातील कुडपण या गावी जाऊ. बुद्रुक आणि खुर्द अशी दोन कुडपणे सह्याद्रीच्या उंच अंगावर वसली आहेत. सातारा आणि रत्नागिरी या जिल्ह्यांच्या सीमा तेथून फार लांब नाहीत. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ याच तालुक्यातले, आणि महाबळेश्वराहून निघालेली सावित्री याच तालुक्यातून महाडकडे वाहते. पावसाळ्यात कुडपणच्या कड्यांवरून धबधबे कोसळतात, ते पाहायला आता दुरून माणसे येतात. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तरीही महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरने पाणी पुरवावे लागते, ही जवळजवळ दरवर्षीची बातमी आहे. काळ्या कातळाला पाणी धरून ठेवता येत नाही. चार महिन्यांत आलेले पाणी उतारावरून सावित्रीला आणि तेथून बाणकोटच्या खाडीला मिळते. मागे राहते ते खडकांच्या भेगांत मुरलेले थोडेसे पाणी, आणि त्यावर डोंगरकुशीतला एखादा झरा उन्हाळाभर करंगळीएवढ्या धारेने वाहत राहतो.

समजा, अशा एखाद्या वाडीच्या वरच्या अंगाला एका शहरवासी गृहस्थाने घर बांधले. गृहस्थ सज्जन आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घराची आशीर्वादविधी ठरली आहे, सगेसोयरे येणार आहेत, आणि म्हणून एप्रिलच्या आरंभी पाच गुंठे अंगणात हिरवळीचे तुकडे अंथरले गेले. देखभालीला वाडीतलाच एक प्रौढ माणूस नेमला. गृहस्थ शहरात परतताना म्हणतो, “काका, एकही तुकडा सुकता कामा नये.” काका म्हणतात, “नाय सुकणार, साहेब. सकाळ-सांज पाणी मारीन.” आणि ते मारतात. घराच्या कूपनलिकेला लावलेल्या नळीने ते रोज पाणी देतात, कोपरे उचलून पाहतात, दुपारचा शिडकावाही चुकवत नाहीत. संध्याकाळी घरी जातात तेव्हा त्यांची कारभारीण झऱ्यावर रांगेत बसलेली असते. ती म्हणते, “अवो, तुमच्या गवताचं झालं आसंल तर आमाला बी दोन हंडे आणा.” तिच्या बोलण्यात राग नसतो. तिने एक गोष्ट पाहिली आणि सांगितली.

हिशेब मांडून पाहू. पाच गुंठे म्हणजे सुमारे ५०० चौरस मीटर. एप्रिलच्या उन्हात नव्या हिरवळीला प्रत्येक चौरस मीटरमागे रोज सहा-सात लिटर पाणी लागते असे धरले, तर दिवसाला तीन ते साडेतीन हजार लिटर झाले. पंधरा लिटरांचा हंडा मानला तर दोनशेहून अधिक हंडे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण माणसामागे दररोज ५५ लिटर पाणी हे मान ठरवले. त्या मानाने पाच गुंठ्यांचे हे गवत पन्नास-साठ माणसांचे पाणी पिते. एवढी माणसे म्हणजे एक लहानशी वाडीच. आणि वर खणलेली कूपनलिका बहुधा त्याच भेगांतून पाणी ओढते, ज्या भेगा खालच्या झऱ्याला पोसतात.

आता दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे वाटेल. संत थॉमसनीच शिकवले आहे की, पराकोटीच्या गरजेच्या वेळी सर्व वस्तू सर्वांच्या असतात आणि तेव्हा गरजवंताने घेतलेले घेणे चोरी ठरत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पिण्याचे सुरक्षित पाणी हा माणसाचा मूलभूत आणि सार्वत्रिक हक्क असल्याचे निःसंदिग्धपणे मांडले. कायद्यानेही काही केले. १९९३ साली महाराष्ट्राने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खणण्यावर निर्बंध आणला. तेव्हा माणसाची तहान आधी, गवताची नंतर. यात वाद तो काय?

वाद तत्त्वात नसतो, तो पुढच्या पायरीवर येतो. कुडपणपासून फार दूर नसलेल्या महाडमध्ये २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहस्रावधी अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी ते पाणी प्राशन केले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदेमंडळात संमत करवून घेतला होता, महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. तरीही त्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, पण अस्पृश्य मानलेल्या माणसाला ते घेता येत नसे. हा खटला मुंबई उच्च न्यायालयात १९३७ साली अस्पृश्यांच्या बाजूने निकालात निघाला. या घटनेशी आपल्या हिरवळीची तुलना जपूनच करावी लागते. महाडला प्रश्न पाण्याइतकाच माणूसपणाचा होता. तेथे द्वेष होता, मज्जाव होता, त्या दिवशी सत्याग्रहींवर काठ्याही चालल्या. आपला गृहस्थ कोणाला मज्जाव करीत नाही. त्याच्या मनात कोणाविषयी तिरस्कार नाही, उलट काकांच्या मुलांसाठी तो शहरातून खाऊ आणतो. परंतु नेमके याच कारणासाठी त्याचे उदाहरण मला अधिक अवघड वाटते. महाडला ज्याने पाणी अडवले त्याला आपण काय करीत आहोत हे माहीत होते. येथे कोणाच्याही मनात वाईट नाही, तरी परिणाम असा की, जे पाणी माणसाला हंड्याने मोजून मिळते ते गवताला नळीने अमाप मिळते. द्वेषाविरुद्ध सत्याग्रह करता येतो. नळीविरुद्ध काय करायचे?

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो टाकाऊ नाही. गवताचे पाणी बंद केले म्हणून ते तहानलेल्याला मिळतेच असे कोठे आहे? २०१६ च्या दुष्काळात हाच वाद महाराष्ट्रभर झाला. लातूरला पाणी नव्हते. मिरजेहून पाण्याची आगगाडी सोडावी लागली आणि ती १२ एप्रिल २०१६ रोजी दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. त्याच सुमारास मुंबई, पुणे आणि नागपूर येथील क्रिकेटच्या मैदानांना आयपीएलच्या सामन्यांसाठी सुमारे साठ लाख लिटर पाणी लागणार, ही गोष्ट एका जनहित याचिकेमुळे पुढे आली. मुंबई उच्च न्यायालयाने १३ एप्रिल रोजी ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला. मैदानासाठी शुद्ध केलेले सांडपाणी वापरू, असे आयोजकांनी सांगून पाहिले, पण त्याचा उपयोग झाला नाही. तेव्हा अनेक सुज्ञ माणसांनी विचारले की, वानखेडेवरचे पाणी वाचले म्हणून लातूरच्या नळाला काय येणार? हा युक्तिवाद मला अंशतः पटतो. दूरच्या दुःखाकडे पाहून आपल्या अंगणातले रोपटे वाळवणे हे पुष्कळदा नुसते प्रदर्शन ठरते आणि त्याने मनाचे समाधान होण्यापलीकडे काही साधत नाही. दुष्काळात क्रिकेट नको, ही भावना समजण्यासारखी होती, पण भावनेने पाणी वाहून नेता येत नाही.

परंतु कुडपणच्या बाबतीत हा आक्षेप लागू पडत नाही. वानखेडे आणि लातूर यांच्यामध्ये अख्खा घाट आणि अर्धा महाराष्ट्र आहे. हिरवळ आणि झरा यांच्यामध्ये एक उतार आहे. येथे वरच्या पाण्याचा आणि खालच्या पाण्याचा भेगेभेगेतून संबंध आहे. मला तर वाटते, पाण्याच्या नीतीत हे अंतर फार महत्त्वाचे असते आणि आपण त्याचा विचार उलटा करतो. दूरच्या लातूरसाठी आपला जीव कळवळतो, कारण ते वर्तमानपत्रात येते. उताराखालची रांग वर्तमानपत्रात येत नाही.

दुसरा आक्षेप खुद्द काकांच्या बाजूने आहे. हिरवळ आहे म्हणून त्यांना गावात काम आहे. या डोंगरांतील पुरुष पिढ्यान्पिढ्या पोटासाठी मुंबईला जात आले, गिरण्यांत राबले, गिरण्या बंद पडल्यावर आणखी कोठे कोठे राबले. घरी राहून, बायकामुलांत राहून महिन्याचा पगार मिळणे ही त्यांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. शहरात बसून ‘हिरवळ नको’ असे लिहिणाऱ्याने त्यांचा पगार बंद केला तर त्याला काय म्हणायचे? या आक्षेपापुढे मी बराच वेळ अडखळलो. दोनशे हंडे पाणी गवतावर ओतण्याची मजुरी घेऊन त्याच माणसाने घरी दोन हंड्यांसाठी ताटकळावे, ही त्याची निवड नाही. ती निवड दुसऱ्या कोणीतरी आधीच केलेली आहे, त्याच्या हाती केवळ नळी दिली आहे. त्याला ‘तू पाणी का मारतोस’ असे विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही. आणि पगार थांबवूनही पाणी सुटत नाही, कारण कामाची गरज बारमाही आहे. गवताला पाणी देणे हेच काही तेथील एकमेव काम नव्हे. उतारावर चर खणायचे असतात, वणव्यापासून घर वाचवण्यासाठी फेब्रुवारीत घराभोवतीचे वाळके गवत कापून पट्टा मोकळा करायचा असतो, झऱ्याचे तोंड साफ करायचे असते. ज्याला एप्रिलमध्ये पाणी मारण्याचे पैसे देता येतात, त्याला चर खणण्याचे पैसेही देता येतात.

वसईतील वाचकांना हा प्रश्न परका वाटू नये. आपल्या वाडवडिलांनी केळी, पानवेली आणि फुलांच्या वाड्या शिंपल्या त्या विहिरींच्या आणि बावखलांच्या पाण्यावर. पावसाचे गोडे पाणी बावखलात साठायचे, तेथून भोवतालच्या विहिरींत झिरपायचे. पुढे पुष्कळ बावखले बुजवली गेली, विहिरींचे पाणी टँकरने नव्या इमारतींना जाऊ लागले, आणि विहिरी खारट होतील या भयाने गावे उठली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी हरित वसईसाठी १९८८ पासून लढले, तो इतिहास आपल्या घरांत अजून सांगितला जातो. त्या लढ्यात टँकरने पाणी नेणारा कोणीतरी परका होता. कुडपणच्या उताराच्या वरच्या अंगाला घर बांधणारा मात्र आपल्यापैकीही कोणी असू शकतो, कारण वाडीचा तुकडा विकून आलेल्या पैशांतून डोंगरात जागा घेणारी कुटुंबे आपल्याही ओळखीची असतात.

मग हिरवळ लावूच नये काय? मी असे म्हणणार नाही. हिरवळीला मुले लोळतात, म्हातारी माणसे अनवाणी चालतात, आणि घर बांधताना उघड्या पडलेल्या मातीला गवताची मुळे धरून ठेवतात. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाडमधील तळीये आणि पोलादपुरातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथे डोंगर घरांवर आला. तेवढ्या मोठ्या दरडी गवताने थांबत नाहीत, पण त्या प्रदेशात माती उघडी ठेवणे केव्हाही बरे नव्हे. हिरवळीविरुद्ध माझी तक्रार नाही. तक्रार तारखेविरुद्ध आहे. आशीर्वादविधी मे महिन्यात, म्हणून हिरवळ एप्रिलमध्ये, या एका ‘म्हणून’मध्ये सगळी चूक सामावली आहे. पाणी द्यावे की नाही, या प्रश्नाला ज्या दिवशी आपण सामोरे जातो त्या दिवशी दोन्ही उत्तरे वाईट असतात. दिले तर वाडीचे घेतले, न दिले तर आश्रिताला मारले. चांगले उत्तर फक्त टेम्पो मागवण्यापूर्वी उपलब्ध होते.

त्या पाच गुंठ्यांवर पावसाळ्यात आभाळातून पंधरा लाख लिटरांहून अधिक पाणी पडते. त्यातले थोडेसेच गवताला पुरते. सपाट अंगण असेल आणि पाण्याचा निचरा चांगला असेल, तर जूनच्या पहिल्या दोन-तीन पावसांनी जमीन भिजल्यावर तुकडे अंथरता येतात. उतार असेल तर घाई करू नये. जुलैच्या झडीत सांधे सुटतात आणि तुकडे मातीसकट खाली वाहून जातात, शिवाय कुडपणच्या उंचीवर त्या दिवसांत धुके इतके दाटते की, उन्हावाचून हरळी धड वाढतही नाही. तेथे ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा काळ बरा. झड सरलेली असते, ऊन परतलेले असते, आणि अधूनमधून येणारी सर माळ्याचे काम करून जाते. प्रत्येक तुकडा बांबूच्या दोन खुंट्यांनी उतारावर टाचून ठेवला की काम भागते. ऑक्टोबरपर्यंत मुळे खाली उतरतात. पुढच्या एप्रिलमध्ये अशी हिरवळ भोवतालच्या डोंगराच्या रंगाची होते, पिवळी पडते, आणि तिला तशी पडू द्यावी. घरी आलेले पाहुणे पिवळ्या अंगणात खुर्च्या टाकून बसले तर आशीर्वादात काही उणे येत नाही.

राहिला तो गृहस्थ, ज्याने हे वाचण्यापूर्वीच तुकडे अंथरले आहेत आणि ज्याच्या दारी आज एप्रिलची वीस तारीख आहे. त्याचे काय? माझ्या मते त्याने नळी बंद करावी आणि घरातील आंघोळीचे, भांड्यांचे, भाजी धुतल्याचे पाणी मोजावे. चार माणसांच्या घरी ते दिवसाला दोनशे लिटर भरेल. तेवढ्यावर तीस चौरस मीटर गवत जगते. घराच्या भिंतीची दुपारनंतर सावली पडते तेथील तीस मीटरचा पट्टा राखावा, साबणाचे पाणी एकाच जागी रोज पडणार नाही हे पाहावे, आणि उरलेले गवत जाऊ द्यावे. ते जाताना त्याच्याकडे न पाहण्याची सोय करू नये. रोज संध्याकाळी त्याच्या कडेने चालावे. वाळलेल्या तुकड्यांची लाल माती तेथेच राहते, ती कोणाच्या तरी शेताची होती एवढे लक्षात ठेवावे. सप्टेंबर आला की राखलेल्या पट्ट्यातून हरळीची पसरती खोडे कापून घ्यावीत आणि जुन्या पद्धतीने, दोन-दोन पेरांच्या काड्या करून, वितीच्या अंतरावर टोचाव्यात. पाच गुंठे टोचायला काकांना आणि त्यांच्या जोडीदाराला आठवडाभर लागेल. त्या आठवड्याचा रोज त्यांना वेगळा द्यावा, पगारातून कापू नये.